दादा माझ्यापेक्षा लहान झाला तेव्हा

"मॅडम, मला माझ्या भावाची लाज वाटते. आणि लाज वाटते म्हणून स्वतःचीच चीड येते."

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली ती, खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलून गेली. ती २५ वर्षांची, भाऊ २९ चा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे गुणसूत्रांतल्या जन्मजात फरकामुळे शिकणं-बोलणं सावकाश होतं. (तपशील बदलले आहेत, आणि दोन-तीन घरांतल्या गोष्टी इथे एकत्र गुंफल्या आहेत.) निमित्त अगदी छोटं होतं. मैत्रिणी घरी आल्या होत्या, दादा आतल्या खोलीत मोठ्याने स्वतःशीच बोलत होता. एकीने विचारलं, "आत कोण आहे गं?" हिने सांगितलं, "टीव्ही चालू राहिलाय." त्यानंतर आठवडाभर तिला धड झोप नव्हती.

"मी वाईट बहीण आहे का?" या प्रश्नावर "छे गं, किती करतेस तू त्याचं" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. घरचे, नातेवाईक, शिक्षक तिला लहानपणापासून हेच सांगत आले होते आणि दर वेळी तिच्या मनात यायचं, यांना खरं कळलं तर? अशा धीराने लाज आणखी आत दडते. म्हणून पहिल्या दोन भेटींत फक्त लाजेची चौकशी केली: कधीपासून, कुठे, कोणासमोर, आणि कोणासमोर नाही.

ती सात वर्षांची होईपर्यंत दादा खराखुरा दादा होता. अंधारात हात धरून न्यायचा, झोपाळ्यावर झोके द्यायचा. मग एक दिवस ती धडा घडाघडा वाचत होती आणि तो शेजारी बसून त्याच धड्यातली चित्रं बघत होता. आपण पुढे निघून आलो, हे तिला तेव्हा कळलं. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्याने थोरल्याला ओलांडण्याचा हा क्षण अशा बहुतेक घरांत येतो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हाक ‘दादा’ अशीच राहते, सांभाळणारा मात्र बदलतो. त्यात एक शोक असतो. पण कोणी गेलेलं नसतं, त्यामुळे सांत्वनाला कोणी येत नाही, आणि हा शोक आहे हे शोक करणाऱ्यालाही उमगत नाही.

कोणासमोर, याचं उत्तर जास्त उपयोगी ठरलं. दादासोबत एकटी असताना लाज कधीच वाटायची नाही. जुन्या शेजाऱ्यांसमोरही नाही. वाटायची ती नव्या माणसांसमोर, विशेषतः ज्यांचं आपल्याबद्दल चांगलं मत व्हावं असं तिला वाटे त्यांच्यासमोर. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये याची नोंद करून ठेवली आहे: कलंक ज्याच्यावर मारला जातो त्याच्यापाशी थांबत नाही, त्याच्या नातलगांनाही लागतो. तिला हे सांगितल्यावर ती थोडी सैलावली. आपल्याला जे होतं त्याला नाव आहे, एवढ्यानेही फरक पडतो.

मग दोन आठवड्यांसाठी एक वही दिली, तीन रकान्यांची. पहिल्यात काय घडलं, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. दुसऱ्यात लोकांनी प्रत्यक्ष काय केलं किंवा म्हटलं. तिसऱ्यात, त्यांना काय वाटलं असेल असं मला वाटलं. पहिले तीन-चार दिवस ही वही हमखास फसते, कारण तिसऱ्या रकान्यातला मजकूर दुसऱ्यात घुसतो. तिनेही दुसऱ्यात लिहिलं होतं, "सगळे बघत होते." सगळे म्हणजे किती? किती वेळ? मग ते वाक्य झालं, "एक लहान मुलगा बघत होता, त्याच्या आईने त्याचं तोंड फिरवलं." दोन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. सहांमध्ये दुसरा रकाना कोरा निघाला. पाचांमध्ये मात्र लोक खरंच काहीतरी वेडंवाकडं वागले होते. हेही तितकंच महत्त्वाचं, कारण "लोकांकडे लक्ष देऊ नकोस" हा सल्ला त्या सहांसाठी ठीक आहे, उरलेल्या पाचांसाठी नाही. तिथे तोंडात शब्द तयार असावे लागतात.

शब्दांआधी थोडी माहिती हवी होती. दादा स्वतःशी बोलतो याला ती वेडाचं लक्षण समजत होती. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये स्वगत खूप सामान्य आहे. दिवसभरात काय झालं ते लावून पाहणं, पुढच्या कामाची तयारी, मनातला राग, सगळं ते बोलून निस्तरतात. आपणही ते करतो, ओठ मिटून. काळजी करायची ती बदलाची: बोलणं अचानक वाढलं, स्वतःला शिव्या घालणारं झालं, किंवा त्यासोबत जेवण, झोप, आवडीची कामं सुटली तर डॉक्टरांकडे न्यावं. तेव्हाही "हट्टी झालाय" म्हणण्याआधी थायरॉइड, कान आणि झोपेतला श्वास तपासून घ्यावा. या तिन्हींचा त्रास यांच्यात जास्त आढळतो आणि बाहेरून तो हट्टासारखाच दिसतो.

दुसरा प्रश्न तिने बराच वेळ घोळवून विचारला: "उद्या माझ्या मुलाला होईल?" सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये डाऊन सिंड्रोम म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक अख्खी जादा प्रत, ती पेशीविभाजनातल्या चुकीने येते आणि भावंडाच्या पुढच्या पिढीचा धोका तिने वाढत नाही. तीन-चार टक्क्यांत ते गुणसूत्र दुसऱ्याला जोडलेलं असतं, आणि हा प्रकार आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असू शकतो. म्हणून आधी भावाचा गुणसूत्र तपासणीचा जुना अहवाल शोधायचा. तो जोडलेल्या प्रकाराचा निघाला तरच बहिणीने स्वतःची तपासणी करायची. तिच्या घरी कपाटात २९ वर्षांपूर्वीचा कागद सापडला. जादा प्रतीचाच होता. आई त्या दिवशी रडली म्हणे. गरोदरपणात आपलं काय चुकलं, हा प्रश्न लोकांनी तिच्यावर टाकला होता आणि तिनेही तो खाली ठेवला नव्हता. १९५९ मध्येच जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण गुणसूत्रात असल्याचं जाहीर केलं होतं, पण ते घरोघरी पोचायला वेळ लागतोच.

आता शब्द. ओळख करून द्यायची दोन वाक्यं ठरवली: "हा माझा मोठा भाऊ. त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, पण थेट त्याच्याशीच बोला." बस. डाऊन सिंड्रोमचा उल्लेख कोणी विचारलं तरच. ही वाक्यं खोलीत मोठ्याने दहा-बारा वेळा म्हणून घेतली, कारण मनातल्या मनात पाठ केलेलं ऐनवेळी तोंडात येत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, माफीचा सूर: "जरा समजून घ्या हं." दोन, दादा समोर उभा असताना त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलणं. फारच खोदून विचारणाऱ्यासाठी तिसरं वाक्य: "याबद्दल आत्ता नको." पुढे कारण द्यायचं नाही, कारण दिलं की समोरचा कारणाशी वाद घालतो.

याच्या जोडीला आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं दादासोबत. अट एकच, शिकवायचं नाही. पहिल्या आठवड्यात हे साफ फसलं. तिने पत्त्यांचा डाव मांडला, चार मिनिटांत त्याच्या चुका काढायला लागली आणि तो उठून गेला. मग काम त्याला निवडू दिलं. त्याने वाळलेले कपडे काढले. दादाच्या घड्या टोकाला टोक जुळलेल्या असतात. हिच्या घड्या तो शांतपणे उलगडून पुन्हा घालत होता. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली. दुसरी सवय जास्त अवघड गेली: प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, मध्ये बोलायचं नाही, प्रश्न दुसऱ्या शब्दांत फिरवायचा नाही. फिरवला की त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

‘स्वीकार’ हा शब्द मी अशा भेटींत सहसा वापरत नाही. तो ऐकला की माणूस आणखी एका परीक्षेला बसल्यासारखा होतो. आणि खरी भीती बऱ्याचदा पुढेच असते. तिच्या आईचं वाक्य होतं, "आमच्यामागे तूच आहेस." हे कौतुकाने म्हटलेलं, पण ते ऐकून तिला दादाचाच राग यायचा. आठव्या भेटीला आईवडील आले. मोघम बोलायचं नाही, असं आधीच ठरवून घेतलं. पैसे कोण बघणार, औषधं कोण बघणार, तो राहणार कुठे, रोजचा सोबती कोण, या चार गोष्टी वेगवेगळ्या कागदांवर घेतल्या. चारही ‘तू’वर येत होत्या. तिने दोन उचलल्या, पैसे आणि औषधं. सोबत राहण्याबद्दल ती म्हणाली, "आत्ता हो म्हणणार नाही." बाबा बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, दुसरी सोय शोधायला आपल्यालाही काही वर्षं हातात आहेतच.

पुढच्या भेटीला दादा स्वतः आला. त्याला विचारलं, घरात तुला काय बदलायला आवडेल? तिने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. तिची बोटं मांडीवर मोजत होती. आठ-नऊपर्यंत गेली असतील.

"कडी," दादा म्हणाला. "माझ्या दाराला. मी बोलतो तेव्हा सगळे येतात."

आता बसवली आहे. वेळप्रसंगी बाहेरूनही उघडता यावी, एवढीच अट आईने घातली होती.