पाणलावा, स्नायपर आणि 'लक्ष्यवेधी'चा घोळ

प्रश्न असा आला आहे: स्नायपरला, म्हणजे लपून लांबून गोळी टिपणाऱ्या सैनिकाला, मराठीत 'नेमबाज' म्हटलं तर चालेल का, स्नायपर आणि शार्पशूटर एकच का, आणि लिहायचं 'स्नायपर' की 'स्नाइपर'?

मधला प्रश्न आधी घेतो, कारण तो रोज कानाला टोचतो. मोटारसायकलवरून येऊन चार हातांवरून गोळ्या झाडून पळणारा गुंड बातम्यांत हमखास 'शार्पशूटर' असतो. अहो, चार हातांवरून कुणाचाही नेम लागेल! शार्पशूटर म्हणजे नुसता अचूक नेमाचा; हा जर्मन 'शार्फशुत्से'वर बेतलेला इंग्रजी शब्द. तो शार्प्स नावाच्या अमेरिकन रायफलीवरून आला, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. शब्द इंग्रजी छपाईत 1800 च्या आसपास दिसू लागतो. रायफलकर्ते ख्रिश्चन शार्प्स जन्मले 1810 च्या सुमारास आणि त्यांचं पेटंट 1848 चं. बारशाआधीच घुगऱ्या वाटल्या म्हणायच्या.

स्नायपरचं मूळ मात्र आपल्या चिखलातलं आहे, आणि ते सांगायला मी केव्हाही तयार असतो. स्नाइप म्हणजे पाणलावा. दलदलीच्या कडेला बसणारा, लांब चोचीचा, मातकट रेघांचा पक्षी. पाय अगदी जवळ पडेपर्यंत दिसत नाही. मग भर्रकन उठतो आणि वेडीवाकडी वळणं घेत निघून जातो. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी फावल्या वेळात याच्या शिकारीला जात, आणि 1770 च्या दशकातल्या त्यांच्या पत्रांत 'स्नाइप'चं क्रियापद झालेलं सापडतं. म्हणजे जगभरच्या सैन्यांत रुळलेला हा शब्द इथल्या पाणथळीत वाढला. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या बातम्यांबरोबर तो घरोघरी पोचला.

कोशवाले म्हणतात, इतका चपळ पक्षी टिपणारा तो पटाईत, म्हणून स्नायपर. मला हे अर्धंच पटतं. पाणलावा टिपतात छऱ्यांनी, तोही उडताना, जवळून. स्नायपर झाडतो एकच गोळी, लांबून, बहुधा स्थिर लक्ष्यावर. कौशल्यं वेगळी आहेत. माझं मत असं की नाव शिकाऱ्याला मिळालं, पण शोभतं ते सावजामुळे: चिखलात चिखल होऊन बसणं ही पाणलाव्याचीच विद्या. सिद्ध करता येणार नाही, पण सोडणारही नाही.

याला जोड म्हणून 'गिली सूट' पाहा. गवत, चिंध्या, डहाळ्या लावलेला, स्नायपर लपायला घालतो तो झुबकेदार पोशाख. 'गिल' म्हणजे स्कॉटिश गेलिक भाषेत पोऱ्या, चाकर. शिकारीला मालकाबरोबर जाणारा, हरणाचा माग काढणारा गडी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात 1900 साली अशाच गड्यांना घेऊन लोव्हॅट स्काउट्स ही ब्रिटिश तुकडी उभी राहिली. साहेबाचं पद विसरलं गेलं, गड्याचं नाव पोशाखाला चिकटलं. असे शब्द मला फार आवडतात.

आता 'नेमबाज'. यातला बाज हा पक्षी नव्हे. तो फारसी प्रत्यय, खेळणारा या अर्थाचा. म्हणूनच तो ऑलिंपिकमध्ये शोभतो: अंतर ठरलेलं, लक्ष्य ठरलेलं. युद्धातल्या स्नायपरचं गोळी झाडणं हे कामाचं शेवटचं टोक. त्याआधी तास न् तास टेहळणी, नोंदी, वाऱ्याचा आणि उन्हाने थरथरणाऱ्या हवेचा अंदाज. त्यासाठी बरेचदा जोडीला एक निरीक्षक असतो, रायफलीवरच्या दुर्बिणीहून मोठी दुर्बीण घेऊन. ब्रिटिशांनी 1916 साली फ्रान्समध्ये जी शाळा काढली, तिच्या नावातच स्नायपिंगबरोबर निरीक्षण आणि टेहळणी होती. आणि दुर्बिणीशिवाय स्नायपर नाही असंही नाही. फिनलंडचा सिमो हायहा 1939–40 च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात दुर्बिणीविना, रायफलीच्या नळीवरच्या साध्या माशीने नेम धरायचा. दुर्बीण लावली की डोकं थोडं वर काढावं लागतं, आणि काच चमकते. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरायचा, असं सांगतात. याला नुसता नेमबाज म्हणणं म्हणजे गवयाला 'तोंड उघडणारा' म्हणणं.

काही परिभाषाप्रेमींनी 'लक्ष्यवेधी' सुचवला आहे. त्यांनी तो एकदा मोठ्याने म्हणून पाहावा. ऐकणाऱ्याला 'लक्षवेधी'च ऐकू येणार, आणि लक्षवेधी झालेला स्नायपर संध्याकाळपर्यंत जगत नाही!

माझा शब्द 'दबेकरी'. पहाऱ्याचा पहारेकरी, तसा दब्याचा दबेकरी. दबा धरून बसणं मराठीत आधीपासून आहे. मांजर धरतं, वाघ धरतो, गनिमी काव्यातले मावळेही धरत. घडण मराठी, अर्थ नेमका, उच्चाराला सोपा. 'दरवडेखोरासारखा वाटतो' हा आक्षेप मी ऐकला आहे. वाटू दे. ज्याच्यावर दबा धरला जातो त्यालाही तसंच वाटत असणार.

राहिला तिसरा प्रश्न. टायर, वायर, डायरी लिहिताना आपण 'य' लिहितो, मग इथेच 'इ' कशाला? 'स्नायपर' लिहा. पक्ष्याला मात्र मी वर 'स्नाइप' लिहिलं आहे, हे आत्ता लक्षात आलं. ते 'स्नाइप'च राहील. पाणलावा असताना ते लिहायची वेळ तशी येऊ नये.