तृष्णा सोडायची, तर बढतीचं गाजर कशाला दाखवायचं?

“रोज सकाळी मी ध्यान करतो आणि दिवसभर ऑफिसात लोकांना हाव लावतो. हे ढोंग नाही का?” एका विभागप्रमुखांनी पहिल्याच भेटीत विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ध्यानाकडे वळलेली आणि हाताखाली माणसं असलेली मंडळी हा प्रश्न नेहमी घेऊन येतात.

त्यांनी बक्षीस योजना आणली होती. उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो दर महिन्याला भिंतीवर लागायचा. सुरुवातीला काम वाढलं. मग दोघंतिघंच धावू लागली, बाकीच्यांनी नाद सोडला. धावणारेही एकमेकांपासून माहिती लपवू लागले.

मी त्यांना सांगितलं की बौद्ध विचारात प्रत्येक इच्छा त्याज्य नाही. तृष्णा दुःखाचं मूळ खरी, पण चार इद्धिपादांची, म्हणजे साधनेत सिद्धी मिळवून देणाऱ्या चार पायांची, सुरुवातच छंदापासून होते, म्हणजे काम मनापासून करण्याच्या ओढीपासून. त्यापुढे वीर्य, म्हणजे नेटाने प्रयत्न करणं, चित्त, म्हणजे मन एकाग्र ठेवणं, आणि वीमंसा, म्हणजे आपलं कुठे चुकतंय हे तपासत राहणं. फोटोच्या आशेने धावणाऱ्याला फोटो मिळाला की काम संपतं. ज्याला कामाचीच ओढ आहे, त्याला पुढचं काम खुणावत असतं.

“पण ही ओढ मी आणू कुठून?”

त्यावर आम्ही सिगालोवाद सुत्त काढलं. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या या सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशात, गृहस्थाला सहा दिशांची कर्तव्यं सांगितली आहेत; प्रत्येक दिशा म्हणजे एकेक नातं. खालची दिशा नोकर-कामगारांची. तिथे मालकाची पाच कर्तव्यं आधी येतात, कामगारांची नंतर: शक्ती पाहून काम सोपवणं, अन्न आणि वेतन देणं, आजारपणात काळजी घेणं, खास पदार्थांत वाटा देणं, वेळेवर सुट्टी देणं. त्यांचं घोडं पहिल्यावरच अडलं. सगळ्यात ‘आळशी’ वाटणाऱ्या सहकाऱ्याला काय चांगलं जमतं, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना.

पुढच्या भेटीपर्यंत एवढंच करा म्हटलं: त्या माणसाशी कामाबद्दल बोला, उपदेश न करता. कळलं ते असं. तो चिडलेल्या ग्राहकांशी शांतपणे बोलण्यात तरबेज होता. नव्या रचनेत त्याच्याकडे आकडे भरण्याचं काम आलं होतं, आणि ते आकडे पुढे कोण वाचतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. निम्मं जुनं काम परत दिल्यावर तो खुलला. दुसरी एक सहकारी मात्र एवढं होऊनही नोकरी सोडून गेली. तिला पगारच परवडत नव्हता.

इथे मी जरा कडक होते. वेतन दुसऱ्याच क्रमांकावर आहे. पगार तुटपुंजा ठेवायचा, रात्री उशिरापर्यंत बसवायचं आणि वर ध्यानाचं शिबिर भरवायचं, याला मी बौद्ध दृष्टी म्हणत नाही.

बढतीचं काय, हे त्यांनी शेवटी पुन्हा विचारलंच. बढती द्या, निकष आधीच सगळ्यांसमोर ठेवा, असं मी सुचवलं. भिंतीवरचे फोटो त्यांनी स्वतःहून काढले. बक्षिसाची रक्कम आता पूर्ण गटात वाटली जाते. धावणाऱ्यांपैकी एकाला ते अजून पटलेलं नाही, आणि त्याच्याशी बोलणं चालू आहे.