जाहिरातीत 'एंट्री लेव्हल' म्हणतात आणि खाली २-३ वर्षांचा अनुभव मागतात. फ्रेशरने अर्ज करावा का?

हो, करा. 'एंट्री लेव्हल' हा शिक्का बऱ्याचदा पदाची आणि पगाराची पायरी सांगतो. वर्षांचा आकडा ही कंपनीची अपेक्षा असते. परवाना किंवा नोंदणी लागते अशी कामं सोडली, तर त्यात थोडंफार मागेपुढे चालतं.

आकड्यापेक्षा कामाचं वर्णन नीट वाचा. 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली', 'मदत करणे' असं असेल तर नवख्याला जागा आहे. 'स्वतंत्रपणे हाताळणे', 'टीम सांभाळणे' असं असेल तर वर काहीही लिहिलेलं असो, त्यांना तयार माणूस हवाय. 'असोसिएट', 'एक्झिक्युटिव्ह' या नावांवर तर विसंबूच नका. एका कंपनीतला असोसिएट नुकताच रुजू झालेला असतो, दुसरीकडचा चांगला मुरलेला.

इंटर्नशिप, फ्रीलान्स काम अनुभवात जरूर दाखवा, पण महिने खरे लिहा. ८ महिन्यांचं '१ वर्ष' केलंत तर पडताळणीत सापडतं आणि हातची ऑफर जाते, हे मी कळकळीने सांगतोय. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'एकूण अनुभव किती' हा प्रश्न सक्तीचा असेल, तर कमी आकड्यावर अर्ज आपोआप बाजूला पडू शकतो. तिथे कंपनीतल्या कुणाकडून रेफरल, म्हणजे शिफारस, मिळतेय का ते आधी बघा.