काळी सायकल, १ नग

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांपुढं उभा राहिलो. लातूरहून मुलाला घेऊन संभाजीनगरला येताय, सोमवारी भाड्याच्या सायकलींवर शहर बघायचं, मंगळवारी त्याच सायकलींवर देवगिरी करून वेरूळ गाठायचं. दुकानदार अनामत म्हणून मूळ आधार कार्ड ठेवून घेतो म्हणतोय, तर ते द्यावं का, एवढंच तुम्ही विचारलंय. टोपी, पाणी, सकाळी लवकर निघणं हे सगळं तुम्हाला कळतं असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट, नाहीतर राहून जाईल. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. तुमचा बेत आहे तसा ठेवला तर तीस किलोमीटर पायडल मारून बंद फाटक बघाल. माझाही नेमका हाच बेत होता, आणि मला हे एका कारकुनानं सांगितलं. त्याच्यापर्यंत येतोच.

आता उत्तर. मूळ कार्ड देऊ नका. पण खरं सांगू का, तुम्ही विचारलेली चूक छोटी आहे. मोठी चूक पावतीत असते, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

मी परभणीचा. भाच्याच्या ॲडमिशनसाठी आलो होतो, काम शनिवारीच उरकलं. म्हटलं एवढं आलोय तर दोन दिवस राहू. लहानपणी गावात तासावर सायकल मिळायची, दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, बापाचं नाव सांगितलं की अनामत झाली. तेच डोक्यात. सोमवारी सकाळी साडेसहाला दुकानात गेलो, काळी सायकल निवडली, ब्रेक दाबून बघितले, सीट वर करून घेतली, ड्रायव्हिंग लायसन काढून दिलं. त्यानं पावती फाडली. पावतीवर होतं: माझं नाव, तारीख, दिवसाचे दोनशे, आणि ‘काळी सायकल, १ नग’. मी घडी घालून खिशात टाकली. त्या तीन शब्दांनी माझे दोन दिवस खाल्ले.

सकाळ मात्र फार सुंदर गेली, तीही सांगतो, नाहीतर तुम्ही सायकलचा नादच सोडाल. क्रांती चौकातून भडकल दरवाजा, हा मलिक अंबरनं १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाच्या आठवणीत बांधला. ज्यानं १६१० मध्ये खडकी नावानं हे शहर वसवलं, तोच हा निजामशाहीचा वजीर. तिथून पाणचक्की. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंच चढवायचं, ते हौदात कोसळतं आणि जातं फिरवतं, आणि त्या जात्यावर फकीर-वाटसरूंसाठी पीठ. मुलाला तिथं जरा जास्त वेळ उभं करा. मोटर नाही, पंप नाही, मग पाणी वर चढतं कसं हे त्यालाच शोधू द्या.

मग बीबी का मकबरा. सगळे घुमट बघतात, तुम्ही भिंतीला हात लावण्याइतकं जवळ जा (हात लावू नका). संगमरवर थोड्या उंचीपर्यंतच आहे, त्याच्या वर दगडावर चुन्याचा गिलावा. पैसा कमी पडला की हात आखडला, लोक दोन्ही सांगतात. खर्चाचा आकडा मात्र ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगितला जातो. सात आणे! आणि दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या बांधणाऱ्यांची नावं कोरलेली. तेव्हा मी नुसतं कौतुक केलं. दुपारनंतर मला ते सात आणे सारखे आठवत राहिले, कारण इतका हिशेब ठेवणाऱ्या शहरात माझ्या पावतीवर एक नंबर नव्हता.

मकबऱ्याच्या मागं दोन किलोमीटरवर औरंगाबाद लेणी. बहुतेक लोक ही सोडतात आणि थेट वेरूळला पळतात, मला पटत नाही. रस्ता चढाचा आहे, शेवटी मुकाट्यानं उतरून सायकल ढकला, लाज वाटून घेऊ नका. खाली सायकल लावून पायऱ्या चढा. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली माणसं आहेत, माणसाच्याच मापाची, अंधारात एकदम दचकायला होतं. सातव्यात नाचणारी बाई आणि तिच्या दोन्ही अंगांना वाजवणाऱ्या बायका. सातवं दुसऱ्या समूहात आहे, मधे चालणं आहे, पण सोडू नका.

येताना मकई दरवाजातून आत शिरलो. त्या कमानीत रिक्षावाले एकमेकांना हॉर्न मारत बसतात आणि सायकलवाला कडेनं निघून जातो, एवढ्या एका सुखासाठी तरी सायकल घ्यावी. गुलमंडीवर पोचलो तेव्हा दीड वाजलेला, पोटात कावळे. इमरती खायची होती. सायकल कुठं लावावी? दुकानापुढं जागा नाही, म्हणून एका हातगाडीच्या चाकाला टेकवली आणि साखळीनं गाडीच्याच दांड्याला बांधली. गाडीवाल्याला विचारून बरं का. तो म्हणाला, ‘‘लगाओ चाचा, कहीं नहीं जाती.’’

वीस मिनिटांत गेली.

बाहेर आलो तर हातगाडीच नाही. शेजारचा पेरूवाला म्हणाला, ‘‘अतिक्रमणवाले आए थे, गाडी के साथ उठा के ट्रक में डाले.’’ साखळी मी इतकी घट्ट बांधली होती की त्यांनी वेगळी करायची तसदीच घेतली नाही. पथक कुणाचं, कार्यालय कुठलं, हे विचारू नका. नाव घेऊन मला काही मिळायचं नाही, आणि आता तिथं दुसरे लोक असतील.

त्या कार्यालयाच्या आवारात सायकल मला फाटकातूनच दिसली. म्हणजे दिसल्या. हातगाड्या, फ्लेक्सचे सांगाडे, आणि एका भिंतीला काळ्या सायकली तीन. तिन्ही एकाच कंपनीच्या, तिन्हींवर सारखेच स्टिकर. माझी साखळी कापून कुणीतरी बाजूला टाकलेली. मी म्हटलं, ही माझी. कारकुनानं विचारलं, ‘‘कशावरून?’’ मी पावती काढली. त्यानं ती उलटीसुलटी केली आणि म्हणाला, ‘‘काळी सायकल तर माझ्या गावातबी आहे.’’

खरं सांगतो, त्या क्षणी राग आला, पण त्याचं चुकलं काय होतं? पुढचं मात्र सगळं चुकलं. म्हणाला मालकाचं बिल आणा. दुकानदाराकडं गेलो तर तो म्हणतो सायकल घेऊन चार वर्षं झाली, बिल कुठून आणू, तुम्हीच सोडवून आणा, तोवर लायसन माझ्याकडं आणि भाडं चालू. परत कार्यालयात, तर साहेब मीटिंगला. अर्ज लिहा. कुणाच्या नावानं? ते साहेब सांगतील. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, साहेब आले, अर्ज बघितला आणि म्हणाले अर्ज मालकाचा लागेल, तुम्ही तर भाडेकरू. मालक येणार नाही म्हटलं तर म्हणाले मग आम्ही तरी काय करणार. जेवणाची सुट्टी. चारला या. चारला साहेब ‘साईटवर’. मधल्या बाकावर माझ्याशेजारी तो हातगाडीवालाही बसलेला होता, आणि तो मला म्हणाला, चाचा, आपका तो शौक का है, मेरा धंदा है. त्यानंतर मी थोडा वेळ गप्प बसलो.

वेरूळ मंगळवारी बंद असतं हे तिथंच कळलं. मी कुरकुरत होतो की आज लेणी बघायची होती, तर कारकून फाईलमधून मान वर न करता म्हणाला, ‘‘आज जाऊन काय केलं असतं? बंद राहतेत.’’ म्हणजे त्यांनी मला एका फेऱ्यापासून वाचवलं म्हणायचं. हॉटेलचे दोन दिवस जास्तीचे, ते वेगळे.

सुटका कशी झाली? दुकानात काम करणारा पोरगा, सतरा-अठराचा असेल, त्यानं बुधवारी सकाळी मला बाजूला घेतलं. म्हणाला, काका, मी सगळ्या सायकलींवर खुणा करून ठेवतो, तुमची सात नंबर. सीटच्या खालच्या बाजूला लाल नेलपॉलिशनं सात काढलेला आहे, बहिणीची बाटली होती. तो स्वतः जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर आला. आवारात जायच्या आधीच कारकुनाला सांगितलं, सीटखाली सात आहे बघा. कारकून उठला, पहिली सायकल वाकून बघितली, दुसरी बघितली. तिसरीच्या सीटखाली अंगठ्यानं धूळ पुसली, तर सात. जरा वाकडा, पण सात. दहा मिनिटांत अर्ज मंजूर. दंड पाचशे. आणि पावती? त्यांच्या पावतीपुस्तकात सायकलीचा रकानाच नव्हता. त्यांनी ‘हातगाडी, १’ असं लिहून दिलं. ती पावती मी अजून जपून ठेवलीय.

तर ताई, मुद्दा असा. प्रत्येक सायकलीला फ्रेम नंबर असतो. पायडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो, तिच्या पोटाला खालून ठोकलेला असतो; काही सायकलींवर सीटच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर. दुकानातच सायकल उलटी करा, मातीचा थर असतो, ओल्या फडक्यानं पुसा, नंबरचा फोटो घ्या आणि पावतीवर दुकानदाराच्या हातानं लिहून घ्या. दोन सायकली घेणार तर दोन्हींचा. दुकानदार हसेल, हसू द्या. नंबर गंजून गेला असेल तर एखादी वेगळी खूण शोधून तीच लिहायला लावा: मडगार्डचा पोचा, ग्रिपचा रंग, काहीही. ‘काळी सायकल’ एवढ्यावर समाधान मानू नका. मी वकील नाही, कायद्यात याला किती वजन आहे मला सांगता येणार नाही, पण टेबलामागच्या माणसाला समोर काहीतरी आकडा लागतो, एवढं मी शिकलो.

कार्डाचं असं करा. रोख अनामत देतो म्हणा, बहुतेक जण तयार होतात. फारच अडून बसला तर आधारची मास्क्ड प्रत द्या, तीत फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. त्यावर आडवं लिहा ‘सायकल भाड्यासाठी’, तारीख टाका, सही करा. लायसनचंही तेच, डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये असलं म्हणून मूळ कार्ड दुसऱ्याच्या गल्ल्यात सोडायचं असं नाही. सगळेच दुकानदार लबाड असतात असं मी म्हणत नाही. माझावाला लबाड नव्हताच, नुसता आळशी होता, आणि त्या पोरासारखी माणसं पण त्याच दुकानात होती.

मुलगा तेरा वर्षांचा म्हणताय, तर त्याच्यासाठी गिअरची सायकल मागू नका. शहरात गिअरचा उपयोग नाही, चेन उतरली की तो रडवेला होईल आणि काळे हात घेऊन मकबऱ्यात जाईल. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत, बस्स. पंक्चरचं म्हणाल तर डांबर सोडून कडेच्या मातीत घालू नका, सराटे ट्यूब सोडत नाहीत.

आणि वेरूळ. सायकलनं जाऊ नका, निदान मुलाला घेऊन तरी. देवगिरीपर्यंत पंधराएक किलोमीटर ठीक, पुढं घाट लागतो, आणि तिथं जुन्या तटाच्या दरवाजातून रस्ता जातो, एका वेळी एक वाहन कसंबसं. बस मागून आली की सायकलवाल्याला भिंतीला चिकटावं लागतं. आमच्या ओळखीतले पट्टीचे सायकलवाले जातात, पहाटे निघतात, त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही सोमवारी शहर सायकलवर करा, सायकली संध्याकाळी परत देऊन टाका, मंगळवारी एसटीनं देवगिरी करा. किल्ल्यावरची अंधारी, म्हणजे काळोखातली भुयारी वाट, मुलाला आवडेल, मोबाईलची बॅटरी भरून ठेवा. बुधवार मिळत असेल तर वेरूळ, आणि परतताना कागजीपुऱ्यात हातानं कागद करतात ते बघा. बुधवार मिळत नसेल तर तुमचा दोन दिवसांचा बेत एक दिवस आधी सरकवा: रविवारी शहर, सोमवारी एसटीनं देवगिरी आणि वेरूळ. रविवारी गर्दी असेल, पण सोमवारी वेरूळचं फाटक उघडं असेल.

गुलमंडीवर इमरती खाच. गरम असते तोवरच, थंड झाली की रबर. सायकली मात्र तुमच्या नजरेपुढं, दुकानाच्या पायरीच्या लोखंडी दांड्याला बांधा, जी वस्तू स्वतःच उचलली जाऊ शकते तिला नको.