प्रश्न पाण्याचे: हायस्कूलच्या जलतरणाचे बदलते नियम

या वेळी आलेल्या पत्रांत पोहण्याविषयीचीच पत्रं सर्वांत जास्त आहेत. आमच्या इलिनॉयमध्ये मुलींचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मुलांचा नोव्हेंबरच्या शेवटाला, त्यामुळे आईवडिलांना प्रश्न पडायला लागतात ते याच सुमारास. मी पुण्याच्या टिळक टँकवर पोहायला शिकले, आणि आता शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरांत हायस्कूलच्या मीटना, म्हणजे जलतरण स्पर्धांना, पंच म्हणून काठावर उभी राहते. उत्तरं त्या जागेवरून दिली आहेत.

उत्तरांआधी एक सांगते, कारण निम्मा गोंधळ इथूनच होतो. क्लबच्या मीट यूएसए स्विमिंगच्या नियमांनी होतात. हायस्कूलचं नियमपुस्तक वेगळं आहे. ते इंडियानापोलिसची राज्य हायस्कूल संघटनांची राष्ट्रीय फेडरेशन काढते. तिची जलतरण-डायव्हिंगची नियमसमिती दर वर्षी बदल सुचवते, संचालक मंडळ ते मंजूर करतं आणि पुढच्या हंगामापासून ते लागू होतात. त्यावर प्रत्येक राज्याची संघटना आपल्या स्पर्धांचं वेळापत्रक आणि पात्रतेचे निकष ठरवते.

ताई, आमचा मुलगा ज्युनिअर, म्हणजे अकरावीत, आहे आणि बॅकस्ट्रोक पोहतो. नववीत असताना शेवटच्या झेपेत पूर्ण पाण्याखाली गेला म्हणून त्याला डिसक्वालिफाय केलं होतं. आता त्याच्या टीममधली मुलं सर्रास तसंच संपवतात आणि त्यांना बाद करायला कोणी पंच हात वर करत नाही. तेव्हाचा पंच चुकला होता का? – एक बाबा, नेपरव्हिल

नाही, पंचाने तेव्हाच्या नियमाप्रमाणेच निर्णय दिला होता. नियम नंतर बदलला.

बॅकस्ट्रोकच्या नियमांमागे एक जुनी गोष्ट आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ सुरुवातीलाच पाण्याखाली जायचा आणि डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेल्या लाथा) मारत तीसेक मीटर अंतर कापून मगच वर यायचा. त्याने सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, विश्वविक्रम केला, पण सुवर्णपदक जपानच्या दाइची सुझुकीने नेलं, आणि तोही पाण्याखालूनच लांबवर येत होता. पाठीवर पोहण्याची शर्यत पाण्याखाली होऊ लागली, तेव्हा जलतरणाच्या जागतिक संघटनेने आधी १० मीटरची मर्यादा घातली आणि मग १५ मीटरची. तुमच्या मुलाच्या तलावात लेनच्या दोरीवर दोन्ही टोकांकडे जी वेगळ्या रंगाची खूण दिसते ती या १५ मीटरची. सुरुवातीनंतर किंवा टर्ननंतर त्या खुणेपर्यंत डोकं पाण्यावर यायलाच हवं, आणि तिथून पुढे शरीराचा काही ना काही भाग पाण्याच्या वर राहायला हवा.

हा 'काही ना काही भाग' शेवटच्या स्पर्शापर्यंत वर असायला हवा होता, आणि अडचण तिथेच होती. जलतरणपटू भिंतीकडे मागे झेप घेतो तेव्हा डोकं आणि खांदे खाली जातात, हात भिंतीवर लागतो, आणि पायाचा अंगठा पाण्यावर होता की नव्हता हे पंचाने ठरवायचं. मी त्या जागी उभी राहिले आहे. पाणी उसळलेलं, शेजारच्या लेनची लाट आलेली, आणि माझी नजर हातावर असायला हवी की पायावर? एकाच हीटमध्ये दोन मुलं सारखीच बुडून संपवायची, आणि ज्याचा पाय दिसला नाही त्याला घरी जावं लागायचं. हे मला कधीच पटलं नाही, आणि बदल झाला तेव्हा फार बरं वाटलं.

२०२३मध्ये जागतिक संघटनेने शेवटच्या ५ मीटरमध्ये पूर्ण पाण्याखाली जायला मुभा दिली. यूएसए स्विमिंगने तो नियम घेतला, आणि त्यानंतर तो हायस्कूलच्या पुस्तकातही आला. पोहणाऱ्यांसाठी खूण म्हणजे तलावावर आडव्या दोरीला टांगलेले झेंडे. यार्डांच्या तलावात ते भिंतीपासून १५ फुटांवर असतात. डोकं त्यांच्या पलीकडे गेलं की मग बुडालं तरी चालतं.

पण मुलाला हेही सांगा की स्पर्श पाठीवर असतानाच व्हायला हवा. खांदा उभ्या रेषेच्या पुढे छातीकडे वळला, तर आजही हात वर होणारच. मेडलीत (एकाच शर्यतीत चारही प्रकार) बॅकस्ट्रोक संपवून ब्रेस्टस्ट्रोककडे वळताना मुलं यातच सापडतात. साध्या बॅकस्ट्रोकच्या टर्नला पोटावर वळता येतं, पण वळल्यावर लगेच हाताच्या एका सलग ओढीत टर्न सुरू व्हायला हवा. लवकर वळून भिंतीपर्यंत तरंगत जाणारी किंवा नुसत्या किक मारणारी मुलं मला दर मीटला दिसतात. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात हे त्याने प्रत्येक नव्या तलावात वॉर्मअपमध्ये मोजून घ्यावं. झेंडे ठरलेल्या अंतरावर लावतात ते याचसाठी.

आम्ही मूळचे रत्नागिरीचे. मुलगी यंदा हायस्कूलच्या टीममध्ये आली आहे. आमच्या श्रद्धेप्रमाणे अंगभर झाकणारा स्विमसूट घालूनच ती पोहेल. टीममधल्या एका आईने सांगितलं की असा सूट २००९ पासून बंद आहे. मुलीने टीम सोडायची का? – एक आई, शॉमबर्ग

अजिबात सोडू नका. त्या आईने सांगितलेली बंदी खरी आहे, पण ती वेगळ्या कारणासाठी आली होती.

२००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनचे सूट आले. ते शरीर घट्ट आवळायचे, पाणी आत येऊ द्यायचे नाहीत आणि पोहणाऱ्याला तरंगतं ठेवायचे. २००९च्या रोम विश्व अजिंक्यपद स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. १ जानेवारी २०१०पासून जागतिक संघटनेने ते सूट बंद केले, आणि हायस्कूलच्या फेडरेशनने त्याच्याही आधी, २००९च्या ऑगस्टमध्येच, मुलांसाठी कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि मुलींसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अशी मर्यादा घातली. सूट विणलेल्या कापडाचाच हवा, पाणी आरपार जाऊ देणारा हवा आणि तरंगायला मदत करणारा नको, हेही त्यात आलं. म्हणजे रोख वेगावर होता. पण मर्यादा शरीराच्या मापात लिहिली गेली, आणि ज्यांना श्रद्धेसाठी अंग झाकायचं होतं त्या मुलीही त्यात अडकल्या. त्यांना राज्य संघटनेकडे अर्ज करून परवानगी आणावी लागायची. चौदा वर्षांच्या मुलीने पोहण्याआधी कागद घेऊन रांगेत उभं राहायचं, हे मला फार लागायचं.

काही वर्षांपूर्वी फेडरेशनने ही अट काढून टाकली. धार्मिक कारणासाठी पूर्ण अंग झाकणारा सूट घालायला आता वेगळी मंजुरी लागत नाही. कापडाच्या अटी मात्र तशाच आहेत. म्हणून दुकानात लांबीपेक्षा लेबल आधी बघा: पूर्ण कापडी हवा, पाणी आरपार जाऊ देणारा हवा. निर्मात्याचं चिन्ह एकच हवं आणि सव्वादोन चौरस इंचांपेक्षा मोठं नको. पहिल्या मीटच्या आधी सूट कोचला दाखवा आणि कोचला तो रेफरीला दाखवायला सांगा. सूट रेफरीने आधीच पाहिलेला असला की शर्यतीच्या वेळी प्रश्नच येत नाही.

तुमच्यासारख्या आयांच्या मनात दुसरीही भीती असते, की मुलीच्या कपड्यांवरून चारचौघांत काही बोलणं होईल. २०१९च्या सप्टेंबरमध्ये अलास्कातल्या अँकरेज इथे जिंकलेल्या मुलीला शाळेनेच दिलेला सूट नीट बसला नाही म्हणून बाद केलं गेलं. देशभर संताप झाला आणि राज्य संघटनेने तो निर्णय फिरवला. सूटमध्ये काही खोट दिसली तर ती शर्यतीआधी कोचला सांगायची असते, आणि तिथे तसं झालं नव्हतं. मी नव्या पंचांना नेहमी सांगते, मुलीच्या कपड्यांविषयी जे बोलायचं ते कोचशी, हळू आवाजात, आणि हीटच्या आधी. तुमच्या मुलीशी कोणी थेट वाद घातला, तर तिने उत्तर देत बसू नये, सरळ कोचला बोलवावं.

आम्ही पुण्याहून नुकतेच आलो. मुलगी शालेय राष्ट्रीय स्पर्धेत १७ वर्षांखालील गटात २०० मीटर बटरफ्लाय पोहली आहे. इथे ती कुठल्या गटात येईल, आणि सगळ्या शर्यती पोहता येतील का? – एक आई, अरोरा

इथे वयाचे गट नाहीत. चौदा वर्षांची आणि अठरा वर्षांची एकाच हीटमध्ये असतात. २०० बटरफ्लायही नाही, फक्त १००, आणि तेही बहुतेक ठिकाणी यार्डांत. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर, तेव्हा तिची वेळ एकदम खाली आलेली दिसेल, पण ती पुण्याच्या वेळेशी ताडून बघू नका. एका मीटमध्ये जास्तीत जास्त चार प्रकार, त्यांत वैयक्तिक दोनच, बाकी रिले. तिला २०० मीटर बटरफ्लायचा दम आहे, म्हणून कोचला ५०० यार्ड फ्रीस्टाइलचं जरूर विचारा. त्या शर्यतीला टीमला नेहमी माणसं कमी पडतात.

नातू जिम्नॅस्टिक्स सोडून डायव्हिंगला लागला. मागच्या मीटला तो फळीवर पावलं टाकून मध्येच थांबला, पुन्हा सुरुवात करून उडी छान मारली, तरी गुण फार कमी पडले. असं का? – एक आजोबा, मुक्काम ऑरलंड पार्क

आजोबा, त्याला इथे 'बॉक' म्हणतात. उडीची सुरुवातीची स्थिती घेऊन निघाल्यावर मध्येच थांबलं, की डायव्हिंग रेफरी प्रत्येक पंचाच्या गुणांतून २ वजा करतो. तीन पंच असले तर ६ गुण गेले. त्यानंतर सगळी बेरीज उडीच्या काठिण्यांकाने गुणली जाते. समजा तो १०३सी मारत होता, म्हणजे पुढच्या दिशेची दीड कोलांटी, गुडघे छातीशी घेऊन. १ मीटरच्या फळीवर तिचा काठिण्यांक १.६, म्हणजे एका थांबण्याने ९.६ गुण गेले. त्याच उडीत दुसऱ्यांदा थांबला असता तर उडीच बाद झाली असती.

पण त्याला रागावू नका, ही माझी विनंती आहे. लय चुकली असताना तशीच उडी मारणाऱ्या मुलापेक्षा थांबणारा मुलगा फळीवर डोकं आपटण्यापासून जास्त सुरक्षित असतो. गुण पुढच्या उडीत भरून निघतील. हायस्कूलच्या साध्या मीटला सहा उड्या असतात आणि चॅम्पियनशिपला अकरा, पाच ठरीव आणि सहा आवडीच्या. उड्यांचे गट पाच: पुढची, मागची, रिव्हर्स, इनवर्ड आणि ट्विस्ट. जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या मुलांना कोलांटी लवकर जमते, पण पाण्यात हात आधी, सरळ रेषेत शिरणं शिकायला वेळ लागतो, कारण इतकी वर्षं ती पायांवर उतरत आलेली असतात. हंगामाच्या मध्यापर्यंत धीर धरा.

शिवाय त्याच्या उड्यांच्या यादीवर स्वतः नजर टाका. पुकारलेली उडी आणि मारलेली उडी वेगळी निघाली तर ती कितीही सुंदर असली तरी शून्य. यादीवर त्याची आणि कोचची सही असते. घरी जेवताना आकडे त्याच्याकडून वदवून घ्या: पहिला आकडा गटाचा, अक्षर शरीराच्या स्थितीचं.

आमच्या शाळेच्या जुन्या तलावात स्टार्टिंग ब्लॉक (सूर मारायचे उंच ठोकळे) फक्त खोल टोकाला आहेत. रिलेसाठी उथळ टोकालाही लावा, असं काही पालक म्हणतात. 'पूर्वी होते, काही झालं नाही' असा त्यांचा मुद्दा. तुमचं मत? – बूस्टर क्लबमधील एक आई, पॅलाटाइन

माझं मत सोडा, नियमच स्पष्ट आहे. पाण्याची खोली ४ फुटांपेक्षा कमी असेल तर ब्लॉकवरून सूर मारता येत नाही. जुन्या पुस्तकात ही मर्यादा साडेतीन फूट होती. ती वाढवली कारण मुलं उंच आणि जड झाली, सूर जास्त तिरका आणि जोराचा झाला, आणि उथळ पाण्यात डोकं तळाला लागलं तर मान मोडते. अशी मान मोडलेली मुलं अनेकदा उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत काढतात. ब्लॉकची उंचीही पाण्यापासून ३० इंचांच्या आत हवी. त्या अडीच फुटांवरून पासष्ट-सत्तर किलोचा मुलगा झेपावतो तेव्हा हात तळाशी पोचायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

'काही झालं नाही' हे ऐकून मला भीती वाटते. झालं असतं तर त्या मुलाचे आईवडील आज तुमच्या सभेत बसून बोलले नसते.

आणि रिलेसाठी दुसऱ्या टोकाला ब्लॉक लागतातच कशाला? हायस्कूलच्या रिलेत सर्वांत छोटा टप्पा ५० यार्डांचा, म्हणजे २५ यार्डांच्या तलावात दोन लांब्या. चौघंही त्याच टोकाहून निघतात आणि त्याच टोकाला परत येतात. वॉर्मअपला दोन्हीकडून सूर मारता आले तर वेळ वाचतो, एवढाच काय तो फायदा.

सभेला जाताना एक मोजपट्टी घेऊन जा. खोली भिंतीला चिकटून मोजत नाहीत. भिंतीपासून साधारण १ मीटर ते ५ मीटर या पट्ट्यात सगळीकडे ती ४ फूट भरायला हवी. जुन्या तलावांचे तळ उतरते असतात आणि काठावर रंगवलेला आकडा कधी कधी वेगळ्याच जागेचा असतो. पाण्याची पातळी थोडी उतरली की तो आकडा तसाही खोटा ठरतो. शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला सोबत घ्या, मोजलेला आकडा तारीख घालून लिहा, आणि त्याची प्रत प्राचार्यांना द्या. खोल टोकाचीही तशीच मोजणी करून घ्या, कारण तिथे मुली रोज सूर मारतायत.