शंका-समाधान : ओझोन सोडतो कोण?

प्रश्न : मोबाइलवर हवेचे आकडे पाहतो, तर वर्दळीच्या चौकापेक्षा गावाबाहेरच्या वसाहतीत दुपारी ओझोन जास्त! यंत्र बिघडले आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. ओझोन कुठल्या धुराड्यातून बाहेर पडत नाही, तो उन्हात हवेतच तयार होतो. धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडवर सुमारे 420 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे किरण पडले की ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, तो ऑक्सिजनच्या रेणूला जोडला जातो आणि ओझोन होतो. पण गाडीच्या धुरात नायट्रिक ऑक्साइडही असतो. तो ओझोनला खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. जमा तेवढाच खर्च! चौकात ताजा धूर सतत येतो, म्हणून तिथे ओझोनला थारा मिळत नाही.

मग साठतो कुठून? पेट्रोलच्या आणि थिनरच्या वाफा, झाडांमधून निघणारे आयसोप्रीन यांच्यामुळे. हवेतले हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे रेणूचा अतिशय क्रियाशील तुकडा) या रेणूंना फोडते, त्यातून पेरॉक्सी मूलके निघतात आणि ती ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड करून टाकतात. जमेची बाजू चालू, खर्च थांबलेला. या सगळ्याला काही तास लागतात, तोवर वारा हवा पुढे नेतो. लॉस एंजेलिसचा धूर समुद्रावरच्या वाऱ्याने पूर्वेला सरकतो आणि चढे आकडे दिसतात ते डोंगरातल्या क्रेस्टलाइनसारख्या छोट्या गावात. त्याच शहरात रविवारी ट्रक कमी असूनही ओझोन वाढलेला अनेक वर्षे आढळला. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी केली आणि वाफा तशाच ठेवल्या, तर भर शहरात ओझोन आधी वाढू शकतो. हे पटवून देणे सोपे नाही.

आकडा वाचताना एकक जरूर पाहा. आपले मानक आठ तासांच्या सरासरीला 100 आणि एका तासाला 180 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. 25 अंश तापमानाला अब्जात 50 भाग म्हणजे सुमारे 98 मायक्रोग्रॅम, त्यामुळे एककात गल्लत झाली की आकडा थेट निम्मा दिसतो. स्वस्त विद्युत-रासायनिक सेन्सर नायट्रोजन डायऑक्साइडलाही ओझोन समजतात. चौकातल्या अशा आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न : घरातला कुबट वास जावा म्हणून ओझोन सोडणारे यंत्र आणले. लिंबाच्या वासाच्या द्रावाने फरशी पुसली आणि यंत्र लावले की घसा खवखवतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : यंत्र बंद करा. लिंबाचा तो वास लिमोनीनचा. ओझोन त्याच्या दुहेरी बंधावर हल्ला करतो. त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटते, शिवाय सहज न उडणारी जड संयुगे होतात. ती एकमेकांवर साचून मायक्रॉनपेक्षा लहान कण बनतात. म्हणजे तुम्ही घरातच धुरके तयार करत आहात. पाइनच्या वासाच्या द्रावातल्या पायनीनचेही तेच. कॅलिफोर्नियात घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रातून अब्जात 50 भागांपेक्षा जास्त ओझोन निघाला तर ते विकता येत नाही. एवढ्याशा ओझोनने कुबट वास जात नाही, आणि वास घालवण्याइतका सोडला तर तो माणसाला बाधतो. हेपा गाळणी कण धरते, पण ओझोन तिच्यातून आरपार जातो. त्याला सक्रिय कोळशाचा थर लागतो. फरशी सकाळी पुसा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि द्राव बिनवासाचा घ्या. दुपारी खिडकी उघडलीत तर बाहेरचाच ओझोन आत येईल. कुबट वासाचे मूळ भिंतीतली ओल असेल, तर आधी ती गळती शोधा.