शटरवर पट्ट्या लावण्याआधी शटर कशाचे आहे ते पाहा

आपण लिहिले आहे की, साताऱ्यातील फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरातील कपाटांची पांढरी, सपाट शटर (दारे) आता नकोशी झाली आहेत आणि त्यांवर चौकटीच्या पट्ट्या लावून घ्याव्यात असा विचार आहे. मिस्त्री नवीनच शटर करायला सांगतो आणि ज्या शोरूमने किचन बसवले ते ‘काही होत नाही, खुशाल लावा’ एवढेच फोनवर म्हणतात. त्यातला शोरूमचा भाग वाचून उत्तर लिहावेसे वाटले, कारण सांगलीत आमच्या घरी हेच उत्तर, याच सुरात, मिळाले होते. मी व्यवसायाने सुतार नाही आणि आपली शटर मी पाहिलेली नाहीत, तेव्हा पुढील मजकूर त्या मर्यादेत वाचावा.

शटर उतरवणे, मागे क्रमांक घालणे, मापे घेणे हे आपणास ठाऊक असेलच. पट्टी कोणत्या नक्षीची घ्यावी हा प्रश्नही नंतरचा. पहिला प्रश्न असा की, सनमायक्याच्या आत काय आहे? आमच्या बिलावर ‘किचन ट्रॉली सेट, 1 नग’ एवढीच नोंद होती. पट्ट्या लावण्यापूर्वी आम्ही शोरूमला विचारले, तर कधी ‘आमचे स्टँडर्ड मटेरिअल आहे’, कधी ‘प्लायच आहे’, तर कधी ‘साहेब बाहेर गेलेत’, अशी उत्तरे मिळाली. लेखी द्या म्हटल्यावर फोन उचलणेच बंद झाले. मिस्त्रीने त्यांच्या शब्दावर कडेने खिळे मारले आणि कडा फुटून भुसा खाली आला. तो चक्क पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड होता. त्याहून मोठे नुकसान पुढे झाले: काम करण्यासाठी हिंजचे (बिजागरीचे) स्क्रू एकदा काढले होते, ते परत बसवल्यावर त्यांना पकड उरली नाही आणि काही शटर लोंबू लागली. दोष पट्टीच्या वजनाचा नव्हता. 600 बाय 750 मिमीच्या शटरवर चौफेर 60 मिमी रुंद व 6 मिमी जाड पट्टी लावली तर साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच वाढतात, म्हणजे शटरच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण पार्टिकल बोर्ड एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा क्वचितच नीट धरतो, आणि ही एक गोष्ट विकणाऱ्याला नक्की ठाऊक असते.

म्हणून कोणालाही न विचारता स्वतः पाहावे. सिंकखालच्या एका शटरचा ऑटो हिंज (आपोआप मिटणारी बिजागरी) शटरवरून सोडवला की 35 मिमी व्यासाचा गोल खड्डा दिसतो. त्याच्या कडेला थर दिसले तर प्लाय, जाडाभरडा भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड, आणि पिठासारखा एकजीव पोत दिसला तर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा त्याच जातीचे काही. आतला रंग हिरवा आहे म्हणजे बोर्ड पाण्याला टिकेल, हे गृहीत धरू नये. रंग कोणालाही घालता येतो. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर भुशाचे बोर्ड कसे फुगतात हे सांगलीकरांना वेगळे सांगावे लागत नाही, परंतु सिंकखालची रोजची ओलही तेच काम करते, फक्त सावकाश.

प्लाय निघाला तर निर्धास्तपणे पट्ट्या लावा. पार्टिकल बोर्ड निघाला तर माझे मत असे की, खिळा मुळीच मारू नये, हिंज शक्य तर शटरवरून काढूच नयेत (क्लिपचे असतील तर शटर हिंजसकट सुटते), आणि सैल झालेल्या भोकांत फेविकॉल लावून लाकडी खुंटी ठोकावी, ती वाळल्यावरच स्क्रू फिरवावा. कडा आधीच फुगलेल्या असतील तर मात्र आपल्या मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे.

चिकटवण्याबाबत बहुतेकांची फसगत होते. पांढरा फेविकॉल लाकडात मुरून धरतो. गुळगुळीत सनमायक्यात त्याला मुरायला जागा नसते, त्यातून आपल्याकडच्या फोडणीच्या वाफेने शटरवर तेलाचा थर बसलेला असतो. धुण्याच्या सोड्याने तो काढावा, पट्टी बसणार तेवढीच जागा 80 किंवा 100 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावी, थिनरने पुसावी आणि सिंथेटिक रबरचे सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून ते हाताला चिकटेनासे झाल्यावर पट्टी दाबावी. ती एकदा टेकली की सरकत नाही, म्हणून पेन्सिलची रेघ आणि गुण्या (काटकोन तपासायचे साधन) हवाच. सपाट पट्टीला 45 अंशांचे कोपरे कापण्याचा हट्ट धरू नये; उभ्या पट्ट्या पूर्ण उंचीच्या आणि आडव्या त्यांच्यामध्ये, असे केल्यास लाकूड पावसाळ्यात फुगले व उन्हाळ्यात आकसले तरी फट कमी दिसते. साताऱ्याचा पाऊस पाहता हे काम मेपूर्वीच उरकावे.

केवळ पट्ट्या रंगवून जुन्या पांढऱ्याशी रंग जुळत नाही, संपूर्ण शटर रंगवावे लागते. गॅसच्या लगतची शटर मी सपाटच ठेवली असती, कारण पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात जमणारा चिकट मळ काढायला रोज वेळ कोणाला आहे? तिथे पीव्हीसीची पट्टी तर नकोच. उष्णतेने ती वाकते.

शोरूमविषयी एवढेच की, बिलात एक सांगून दुसरे दिले असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत सर्वसाधारणपणे 2 वर्षांची असते. आमच्या बिलात काहीच लिहिलेले नसल्याने आमच्या हाती काही उरले नव्हते. आपले कोटेशन जपून ठेवले असेल तर ते आधी काढून वाचा.

हँडलचे स्क्रू मात्र आत्ताच आणून ठेवा: 18 मिमी शटरला 25 मिमीचे चालतात, 6 मिमी पट्टी चढल्यावर 30 मिमीचे लागतात. आणि ओटा इंग्रजी एल आकाराचा असेल तर कोपऱ्यातला ड्रॉवर उघडून, समोरच्या हँडलला तो घासत नाही ना, हे पट्टीचा तुकडा नुसता धरून पाहा.